ठोशांचा हिशेब उशिरा लागतो

१९९८ मध्ये फ्लॉइड पॅटरसन यांना एका खटल्यात जबानी द्यावी लागली. तेव्हा ते न्यूयॉर्क राज्यातील मुष्टियुद्धावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते. १९५६ मध्ये कोणाला हरवून तुम्ही जगज्जेते झालात, असा साधा प्रश्न होता. आर्ची मूर हे नाव त्यांना काही केल्या आठवेना. लवकरच त्यांनी पद सोडले. वय होते अवघे ६३.

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या तीन लढती अनेकांना ठाऊक असतात. त्यांच्या दहा वर्षे आधी पॅटरसन आणि स्वीडनचे इंगेमार योहान्सन यांच्यातही अशाच तीन लढती झाल्या. त्यांची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. मेंदूच्या आरोग्याविषयी मात्र त्या बरेच काही सांगतात.

पहिली लढत २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाली. तिसऱ्या फेरीत योहान्सनच्या उजव्या ठोशाने पॅटरसन खाली पडले. उठले खरे, पण भान हरपल्यासारखे पाठ फिरवून चालू लागले. त्या एका फेरीत ते सात वेळा कोसळले. २० जून १९६० रोजी पारडे फिरले. पाचव्या फेरीत पॅटरसन यांच्या डाव्या ठोशाने योहान्सन बेशुद्ध पडले आणि त्यांचा पाय थरथरत राहिला. पॅटरसन जल्लोष सोडून त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले. तिसरी लढत १३ मार्च १९६१ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आतच झाली. पहिल्याच फेरीत दोघेही खाली पडले. सहाव्या फेरीत पॅटरसन जिंकले.

ठोसा लागतो तेव्हा कवटीच्या आत काय घडते? मेंदू हा मऊ अवयव असून तो द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्यात वळते, मेंदू मात्र क्षणभर मागे राहतो. या पिळामुळे चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. त्यातून गोंधळ, विस्मरण किंवा बेशुद्धी येते. मेंदूवरच्या शिरा तुटल्या तर रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत योहान्सनसमोर असलेला अमेरिकेचा एड सँडर्स दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, रिंगणात कोसळून मेंदूच्या इजेने दगावला. हातमोजे बोटांचे रक्षण करतात, मेंदूचे नाही.

दुसरा धोका सावकाश येतो. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी जुन्या मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल, जड जीभ आणि मंद बुद्धी यांचे वर्णन केले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून त्यांतील झीज दाखवली. वारंवार बसलेल्या धक्क्यांनंतर ‘टाऊ’ नावाचे प्रथिन पेशींमध्ये साचते आणि वर्षानुवर्षे पसरते, हे पुढे स्पष्ट झाले. या विकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

पॅटरसन यांना अल्झायमरने ग्रासले. ते २००६ मध्ये ७१ व्या वर्षी गेले. योहान्सन यांनाही स्मृतिभ्रंश झाला आणि २००९ मध्ये ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकाने ६४ व्यावसायिक लढती केल्या, दुसऱ्याने फक्त २८. म्हणजे लढतींचा आकडा कमी असला की मेंदू सुरक्षित, असे गृहीत धरता येत नाही. अर्थात, स्मृतिभ्रंश कधी ठोसा न खाल्लेल्यांनाही होतो. त्यामुळे या दोघांच्या आजारात रिंगणाचा वाटा किती, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पुढे दोघे जिवलग मित्र झाले, पन्नाशीच्या आसपास मॅरेथॉनही एकत्र धावले. शरीर धडधाकट होते, आठवणी मात्र दोघांच्याही गेल्या.

यातून पालकांनी आणि प्रशिक्षकांनी काय घ्यावे? मुष्टियुद्ध असो, कबड्डी असो वा कुस्ती, डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तेच ते विचारू लागले, तोल गेला, तर त्याच दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये. बेशुद्धी आली नाही म्हणजे इजा झाली नाही, असा अर्थ काढू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, जास्त झोप येणे, हातापायांत कमजोरी किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर तडक रुग्णालय गाठावे. लक्षणे पूर्ण थांबून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच टप्प्याटप्प्याने सराव सुरू करावा. सरावात खाल्लेले ठोसेही मेंदूच्या लेखी तेवढेच खरे असतात.

‘काही होत नाही, ऊठ’ असे म्हणण्याआधी मुलाला थोडा वेळ बसवून पाहावे. एक सामना चुकला तर पुढचा मिळतो, पण दुखावलेल्या मेंदूला सावरायला वेळ द्यावाच लागतो.