कार्लोस पेन्या: गोव्याच्या बचावफळीतली दोन वर्षं

एफसी गोवाच्या प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पर्वाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं फेरान कोरोमिनासचं. 2017-18 मध्ये 18 गोल, पुढच्या मोसमात 16, दोन्ही वेळा गोल्डन बूट, नाव निघणारच. मला मात्र आधी आठवतो कार्लोस पेन्या. 2018 ते 2020 अशी दोनच वर्षं तो गोव्याकडून खेळला. त्या दोन वर्षांचं श्रेय त्याच्या पदरात पुरेसं पडलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेन्याचा जन्म 1983 चा, सालामांकाचा. बार्सिलोनाच्या युवा संघांत तो घडला आणि लेफ्ट-बॅक म्हणून वायादोलिद, गेताफे अशा क्लबांकडून खेळला. स्पेनमध्ये तो कधी फार मोठा तारा नव्हता. गोव्यात आला तेव्हा वयाची पस्तिशी गाठली होती. परदेशी खेळाडू उतारवयात भारतात येतात ते पैशासाठी, अशी कुजबुज तेव्हा सर्रास चाले. पेन्याने ती मैदानावरच मोडून काढली.

आधीचा मोसम आठवा. इंडियन सुपर लीगच्या 18 सामन्यांत गोव्याने 42 गोल केले आणि 28 खाल्ले. तीन मारायचे, दोन खायचे, असा तो मामला. पेन्या आल्यावर तेवढ्याच सामन्यांत खाल्लेले गोल 20 वर आले. हे त्याच्या एकट्याचं काम नव्हतं. बचावाच्या मध्यभागी त्याच्या शेजारी सेनेगलचा धिप्पाड मुर्तादा फॉल होता, पुढे अहमद जाहू होता. पण हवेतला चेंडू फॉलने घ्यायचा आणि जमिनीवरचा पेन्याने, ही वाटणी दोघांना नेमकी जमली होती. पेन्याचा वेग तेव्हा ओसरला होता. तो धावण्याऐवजी आधीच योग्य जागी उभा असायचा. समोरचा फॉरवर्ड अंगावर आला तरी चेंडू उधळून न देता डाव्या पायाने शांतपणे पुढे सरकवायचा. गोव्याचा हल्ला तिथूनच सुरू व्हायचा.

त्याच्या डाव्या हाताला खेळायचा मंदार राव देसाई. मंदार मूळचा विंगर; लोबेरांनी त्याला लेफ्ट-बॅक केलं. ज्या जागेवर पेन्याची आधीची सारी कारकीर्द गेली, ती जागा मंदार नव्याने शिकत होता आणि पेन्या त्याच्या शेजारीच उभा होता. याचा मंदारला फायदा झाला नसेल असं मी मानूच शकत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या फुटबॉलवेड्यांना 2019 च्या मार्चमध्ये हा संघ जवळून बघता आला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर, की अंधेरीचं क्रीडासंकुल आलंच. 9 मार्च 2019 ला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याने तिथे मुंबई सिटीला 5-1 असं हरवलं. मुंबईच्या पाठीराख्यांना तो पराभव फार झोंबला.

आठ दिवसांनी, 17 मार्चच्या रविवारी, त्याच मैदानावर बेंगळुरूविरुद्ध अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत जाहूला लाल कार्ड मिळालं, गोव्याचे दहाच उरले. परतीच्या गाडीची चिंता असलेला माणूसही अशा वेळी जागचा हलत नाही. 117 व्या मिनिटाला बेंगळुरूच्या दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर राहुल भेकेने डोकं लावलं आणि सामना संपला. भेके मुंबईचाच, मराठी, आणि तोही बचावपटू.

पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईयिनला 2-1 असं हरवून गोव्याने सुपर कप घेतला. ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात भारत-बांगलादेश सामना 1-1 सुटला, तेव्हा भारताच्या बचावात उजवीकडे भेके होता आणि डावीकडे मंदार. मला त्या संध्याकाळचा फार अभिमान वाटला.

2019-20 चा मोसम तर लखलखीत होता. 46 गोल, 39 गुण. जानेवारीअखेर लोबेरांना काढलं, तरी फेब्रुवारीत जमशेदपूरला 5-0 हरवून गोवा गुणतक्त्यात पहिला राहिला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईत 4-1 मार पडला. घरच्या फातोर्डा मैदानावर 4-2 जिंकूनही एकूण 6-5 ने गोवा बाहेर. पेन्याने तिथेच खेळणं थांबवलं. फॉल, जाहू, मंदार लोबेरांच्या मागे मुंबई सिटीत गेले आणि पुढच्या मोसमात गुणतक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाची शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले.

2022 मध्ये पेन्या गोव्याचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला. संघ सातवा आला, त्या मोसमात पहिले सहाच पुढे गेले. त्यामुळे वर्षभरातच त्याला जावं लागलं. पुढे थायलंडचा रात्चाबुरी, मग जकार्ताचा पर्सिजा. गोव्याने त्याला आणखी एक मोसम द्यायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

आपल्याकडे मुलांच्या सामन्यात मागच्या पोराच्या पायात चेंडू आला की बाहेरून एकच आरोळी येते, ‘लांब मार!’ मुलांना शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 2019-20 च्या गोव्याचा एखादा सामना मुलांना पूर्ण दाखवा, फक्त गोल नकोत. आणि बचावात खेळणाऱ्या मुलाला नव्वद मिनिटं एकट्या पेन्याकडे बघायला सांगा.