ग्लायडर स्पर्धेसाठी राखीव उड्डाण-नोंदयंत्र : अल्पखर्ची निवडीचे निकष

प्रस्तावना :
ग्लायडर हे वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहांच्या आधारे उंची मिळवणारे विमान होय. स्पर्धेत वैमानिकास नेमून दिलेली वळणस्थाने गाठून परतावे लागते. ती गाठल्याचा पुरावा पूर्वी छायाचित्रे व बॅरोग्राफ यांवरून दिला जाई. १९९० च्या दशकापासून ही जागा जीपीएस नोंदयंत्राने घेतली. परिणामी, नोंद हरवल्यास कित्येक तासांचे उत्तम उड्डाणही गुणांच्या दृष्टीने निष्फळ ठरू शकते. म्हणून राखीव यंत्राची गरज भासते. ते अल्प खर्चात निवडताना कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोंदीचे स्वरूप :
आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने (आयजीसी) ठरविलेल्या फाइलमध्ये ‘बी’ या अक्षराने सुरू होणारी प्रत्येक ओळ वेळ, अक्षांश, रेखांश, हवेच्या दाबावरून काढलेली उंची व उपग्रहांवरून काढलेली उंची नोंदवते. ‘जी’ ओळींत डिजिटल स्वाक्षरी असते. नोंदीतील एखादा अंक मागाहून बदलल्यास पडताळणीत ही स्वाक्षरी जुळत नाही. मात्र फाइलचा साचा आयजीसीचा असणे आणि यंत्रास आयजीसीची मान्यता असणे या भिन्न बाबी आहेत. मोबाइलवरील ‘एक्ससीसोअर’ हे मुक्त सॉफ्टवेअर अशी फाइल तयार करते. तेवढ्याने मोबाइल मान्यताप्राप्त यंत्र ठरत नाही.

उपलब्ध पर्याय :
(१) फ्लार्म : टक्कर टाळण्यासाठी इशारा देणाऱ्या या उपकरणाच्या काही प्रकारांना नोंदयंत्र म्हणूनही मान्यता आहे. ते ग्लायडरमध्ये आधीच बसविलेले असल्यास वेगळा खर्च फारसा येत नाही.
(२) जुने मान्यताप्राप्त यंत्र : याची किंमत कमी असली तरी छुपा खर्च संभवतो. काही यंत्रांत आतील बॅटरी संपल्यास सुरक्षा-संकेत नष्ट होतो व यंत्र पुन्हा मोहोरबंद करून घ्यावे लागते. शिवाय जीपीएसची आठवडे-गणना १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या अशा बदलानंतर काही जुनी उपकरणे चुकीची तारीख दाखवू लागली.
(३) साधा स्थाननोंदक : राष्ट्रीय संस्था यास रौप्य व सुवर्ण बिल्ल्यांपुरती मान्यता देऊ शकते, विक्रमांसाठी तो चालत नाही. स्पर्धेतील ग्राह्यता त्या स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून असते.

स्वातंत्र्याचा निकष :
राखीव यंत्राचे खरे मूल्य ते मुख्य यंत्राबरोबर बंद पडत नाही, यात असते. दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर व एकाच अँटेनावर चालत असतील, तर एक सैल तारही दोन्ही नोंदी नाहीशा करू शकते. या कसोटीवर फुकटात लाभलेले फ्लार्मही अपुरे पडू शकते. उलट, स्वतःची बॅटरी व अँटेना असलेले लहान यंत्र अधिक भरवशाचे ठरते. इंजिनयुक्त ग्लायडरसाठी इंजिनाचा वापर नोंदविणारा ध्वनी-संवेदकही आवश्यक असतो.

निष्कर्ष :
निवडीचा क्रम प्रथम स्पर्धेचे नियम, नंतर वीज व अँटेना यांचे स्वातंत्र्य आणि अखेरीस किंमत असा असावा. निवडलेल्या यंत्राची नोंद स्पर्धेपूर्वीच एखाद्या सराव-उड्डाणानंतर उतरवून तिची तारीख व स्वाक्षरी तपासावी. परीक्षक जी नोंद स्वीकारणार नाहीत, तिच्यासाठी केलेला अल्प खर्चही वाया गेलेलाच असतो.