परदेशी गिटार : नाव एका गावचे, माल दुसऱ्या गावचा

व्यापारात मालाचे मूळ ओळखणे ही पहिली विद्या होय. धान्यपेठेत बसणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही. बारदानावर ‘सीहोर शरबती’ असा छाप आहे, एवढ्यावरून आत सीहोरचाच गहू आहे असे कोणी जाणता अडत्या मानीत नाही. तो पोत्यातून वानगी काढतो, दाणा तळहातावर घेऊन त्याची चकाकी पाहतो, दाताखाली फोडतो आणि मगच भाव बोलतो. सीहोर व विदिशा जिल्ह्यांतील शरबती गव्हास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हेच कारण आहे. प्रदेशाच्या नावास किंमत आली की ते नाव दुसऱ्या मालावर चढू लागते.

हीच कसोटी एका नव्या वस्तूस लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती वस्तू म्हणजे विजेवर वाजणारी स्वस्त परदेशी गिटार. मिसरोद हे एके काळी भोपाळ-इटारसी लोहमार्गावरील लहानसे गाव होते. आज ते भोपाळ शहरात सामावले आहे. येथील घरांतून हातपेटीच्या जोडीला गिटारचे सूरही ऐकू येऊ लागले आहेत. मुलाच्या वा मुलीच्या हट्टापायी पालक नवी गिटार आणतात, अथवा कोणाची वापरलेली विकत घेतात. विकणारा म्हणतो, ‘अमेरिकन आहे’ किंवा ‘जपानी आहे’, आणि त्या एका शब्दावर पाच-दहा हजार रुपये अधिक मोजले जातात. हा शब्द खरा की खोटा, हे कसे ठरवावे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिटारच्या शीर्षावर जे नाव असते ते विकणाऱ्याचे असते; घडविणाऱ्याचे असेलच असे नाही. आपणांस परिचित असलेल्या हातपेटीचेच उदाहरण पाहा. जुन्या काळी येथे जोडलेल्या कित्येक पेट्यांवर देशी दुकानाचे नाव असे, परंतु आतील सूरपट्ट्या जर्मनीहून वा पॅरिसहून आलेल्या असत. पुढे त्या आपल्याच देशात होऊ लागल्या, आणि आपल्या समाजास तीर्थक्षेत्र म्हणून वंद्य असलेले पालीताणा हे त्या कामासाठीही प्रसिद्ध झाले. पेटीचे नाव आणि तिचा सूर यांचे गाव पूर्वीपासूनच निराळे असू शके.

गिटारच्या बाबतीत हा प्रवास अधिक लांबचा आहे. १९६० नंतरच्या दशकात जपानमधील टाइस्को या कंपनीच्या गिटारी अमेरिकेतील दुकानांत अनेक निरनिराळ्या नावांनी विकल्या जात. १९६७ साली ही कंपनी कावाई कंपनीने ताब्यात घेतली. एपिफोन हे न्यूयॉर्कचे जुने नाव १९५७ साली गिब्सनच्या मालकांकडे गेले आणि १९७० पासून त्या नावाच्या गिटारी जपानमधील मात्सुमोतो येथे तयार होऊ लागल्या. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९८२ साली जपानी शाखा काढली व स्क्वायर या नावाने स्वस्त गिटारी विकण्यास आरंभ केला. आयबनीज हे नाव तर स्पेनमधील एका कारागिराचे. ते जपानच्या नागोया येथील होशिनो कंपनीने घेतले, आणि आज त्या नावाच्या स्वस्त गिटारी प्रामुख्याने इंडोनेशियात व चीनमध्ये तयार होतात.

कारखाने असे फिरण्याचे कारण कोणाही व्यापाऱ्यास सहज उमगेल. जपानमध्ये मजुरी वाढली आणि १९८५ नंतर येनचा भाव चढला; तेव्हा स्वस्त मालाचे काम कोरियाकडे गेले. कोरियातही मजुरी वाढू लागली, तेव्हा सॅमिक व कॉर्ट या तेथील मोठ्या उत्पादकांनी १९९० नंतरच्या दशकात इंडोनेशियात कारखाने काढले. गिब्सनने २००४ साली चीनमधील चिंगदाओ येथे एपिफोनसाठी स्वतःचा कारखाना उघडला. या स्थलांतराची किंमत कोणीतरी भरलीच. कॉर्टने २००७ साली कोरियातील कारखाने बंद केले, आणि तेथील कामगारांचा लढा २०१९ साली समझोता होईपर्यंत चालला. स्वस्त भावाचा हिशेब मांडताना ही बाजूही विसरू नये.

आता ओळखण्याच्या खुणांकडे वळू. पहिली खूण म्हणजे वेष्टनावरील मजकूर. आपल्या देशातील वैध मापन कायद्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या बंद वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. संगणकावरून माल विकणाऱ्यांनाही २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांन्वये मूळ देश दाखवावा लागतो. म्हणून नवी गिटार घेताना खोका मागून घ्यावा, आणि त्यावरील चिठ्ठी फाडलेली अथवा खरवडलेली असल्यास तेथेच थांबावे.

दुसरी खूण म्हणजे शीर्षाच्या मागील बाजूस, अथवा मान व धड जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर असलेला अनुक्रमांक. स्क्वायर गिटारवर आरंभी ‘आय सी एस’ ही इंग्रजी अक्षरे असल्यास ती इंडोनेशियातील कॉर्टच्या कारखान्यात झाली असे समजावे; पुढील दोन अंक वर्षाचे असतात. ‘सी जी एस’ असल्यास चीन. ‘जे व्ही’ या अक्षरांचा अंक १९८२ ते १९८४ या काळातील जपानी गिटारचा होय, आणि संग्राहक त्यास मोठा भाव देतात. अलीकडील एपिफोनवर केवळ अंक असतात. त्यांतील पहिले दोन वर्षाचे, नंतरचे दोन महिन्याचे व पुढील दोन कारखान्याचे. कारखान्याच्या जागी १५ असल्यास चिंगदाओ, २३ असल्यास इंडोनेशिया. आयबनीजवर ‘आय’ या अक्षराने आरंभ होऊन पुढे वर्ष व महिना असल्यास तीही इंडोनेशियाची.

परंतु अनुक्रमांक हाही अखेर छापच. जो बनावट नाव चिकटवितो त्यास बनावट अंक लिहिणे जड नाही. म्हणून तिसरी खूण मालातच शोधावी, म्हणजेच वानगी काढावी. मागील झाकणाचे स्क्रू काढले की आतले लाकूड दिसते. एकसंध लाकडाऐवजी प्लायवुडचे थर दिसले, तर ‘उंची अमेरिकन’ हा दावा तत्काळ बाद समजावा. आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागांवरील अंकही पाहावेत. अमेरिकेतील सीटीएस कंपनीच्या अशा भागांवर आरंभी १३७ हा अंक असतो व त्यापुढे वर्ष आणि आठवडा दिलेला असतो. स्वस्त आशियाई गिटारमध्ये हे भाग बहुधा आकाराने लहान असतात. गिब्सनच्या नावाने बनावट माल पुष्कळ फिरतो. अस्सल गिब्सनच्या शीर्षावरील छोट्या झाकणास दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर संशय घ्यावा.

लाकूडही साक्ष देते. तारांखालच्या पट्टीसाठी आपल्याकडील शिसवीला जगभर मागणी होती. २ जानेवारी २०१७ पासून शिसव वर्गातील सर्व लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्यांनी स्वस्त गिटारसाठी दुसरी लाकडे निवडली. स्क्वायरने ‘इंडियन लॉरेल’ घेतले. हा म्हणजे आपला ऐन, ज्यास मध्य प्रदेशात साज म्हणतात. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून त्या निर्बंधातून सूट मिळाली, तरी साजाची पट्टी पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली. तेव्हा अशी पट्टी असलेली स्क्वायर कोणी ‘तीस वर्षे जुनी’ म्हणून विकू लागल्यास त्याचे बोलणे तपासून घ्यावे.

एकाच गिटारमध्ये भारताचे लाकूड, एका देशाचे सुटे भाग आणि दुसऱ्या देशातील जोडणी असेल, तर तिचे मूळ कोणते म्हणावे? जकातखात्यास हा प्रश्न रोजचाच आहे. आसियान राष्ट्रांशी झालेल्या करारानुसार इंडोनेशियाच्या मालास सवलत हवी असल्यास, सर्वसाधारण नियमाने मालाच्या किमतीपैकी निदान ३५ टक्के मूल्य करारातील देशांत निर्माण झालेले असावे लागते, आणि कच्च्या मालाहून वेगळ्या वर्गातली वस्तू तेथे तयार व्हावी लागते. केवळ खोका बदलून मूळ बदलत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी तर मुळाविषयीची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावरच टाकली आहे. आपल्या सभासदांपैकी जे वाद्ये, खेळणी वा विजेच्या वस्तू आणवितात, त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

येथे कोणी विचारील की, इंडोनेशियाची गिटार वाईट असते काय? मुळीच नाही. नवशिक्या मुलास ती उत्तम साथ देते. लोकवन गहू लोकवन म्हणून विकला तर त्यात कमीपणा कोणता? दोष आहे तो लोकवन शरबती म्हणून विकण्यात. अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार आपल्या आचार्यांनी सांगितले, त्यांत खोट्या मापांबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल देणे, आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याचे व्यापारविषयक नियम चुकविणे, यांचीही गणना आहे. मूळ देशाची चिठ्ठी खरवडणारा दुकानदार एकाच नखाने हे दोन्ही अतिचार करतो. घरातील मुलाच्या हाती पहिले वाद्य देताना त्या वाद्याविषयीचा पहिला शब्द तरी खरा असावा.

तेव्हा घेणाऱ्याने खोका, अंक आणि आतले लाकूड या तिन्ही साक्षी जुळवून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत तर भाव कमी करून घेण्याच्या मोहात न पडता वस्तू परत करावी. विकणाऱ्याने माल कोठला आहे हे पावतीवर स्पष्ट लिहून द्यावे. पेठेत आपल्या समाजाच्या शब्दास जो मान आहे, तो अशा लिहून दिलेल्या शब्दांनीच टिकला आहे.