मेडिकलमधलं स्किनकेअर, निमगोरा रंग आणि आमचा डाएटचा ग्रुप

ज्यांना लोकलमध्ये, बसमध्ये ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून टाकतेय. बोलताना जे "अं... म्हणजे..." झालं ते कापलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय तुम्हीच सतत विचारता तो. पंधराशेचं सीरम परवडत नाही, मग मेडिकलमध्ये काय मिळतं? सांगते. पण आधी एक कबुली. मी बीटेक केलंय, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते, आणि तरीही तीन महिने मी चेहऱ्याला काय लावतेय हे ट्यूबवर वाचलं नव्हतं.

झालं असं की घरी माझा बायोडेटा बनला. आपल्याकडचा बायोडेटा तुम्हाला माहितीय. रास, गण, नाडी, उंची, आणि मग "रंग". आईने लिहिलं "सावळा". आत्याने फोन करून ते "निमगोरा" करायला लावलं. वर मला म्हणाली, "अगं, आता निमगोरा लिहिलंय तर जरा तशी दिस तरी!" हसून सोडून दिलं मी. पण त्याच संध्याकाळी वाकडला आमच्या फ्लॅटखालच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हटलं, "काका, चेहऱ्यावरचे डाग जायला काहीतरी द्या." काकांनी एका सेकंदात ड्रॉवरमधून ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही. दीडशेच्या आसपास किंमत.

आणि खरं सांगू? दहा दिवसांत चेहरा उजळला. ऑफिसात दोघींनी विचारलं, काय लावतेस म्हणून. मी तर त्यांनाही नाव सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ट्यूब संपली आणि आणायची राहिली. चौथ्या दिवशी चेहरा लाल, आग-आग, गालावर बारीक पुरळ. पुन्हा लावली की शांत. बंद केली की पुन्हा आग. उन्हात दहा मिनिटं उभं राहिलं तरी तोंड भाजल्यासारखं व्हायचं. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली.

इथे माझ्या मैत्रिणी येतात. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव "वजनदार मंडळी". आमचं डाएट सुरू झालं ते बारीक दिसायला नाही, तर आमच्यातल्या टेस्टिंगवालीच्या मानेमुळे. तिची मान मागून काळी, जरा जाडसर, मखमलीसारखी. लहानपणापासून तिला घरी हेच ऐकायला मिळालं की अंघोळ नीट करत नाहीस, मान घासत नाहीस. तिने वज्रीने घासून घासून मान सोलवटून घेतली होती. लिंबू, बेकिंग सोडा, सगळं झालं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी मानेकडे बघून मलम लिहून न देता रक्ताची तपासणी लिहून दिली. एचबीए1सी आलं 6.1. म्हणजे 5.7 ते 6.4 हा जो प्रीडायबेटिसचा पट्टा आहे, त्याच्या बरोबर मध्ये. वय 26.

त्या काळ्या मानेला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मानेला, काखेत त्वचा जाड आणि गडद होते. तो मळ नाही. घासून जात नाही, उलट घासल्याने आणखी काळी पडते. वजन कमी झालं, साखर ताळ्यावर आली की हळूहळू फिकट होते. मंडळी, तुमच्या वर्गात, ऑफिसात, घरात अशी मान असलेलं कुणी असेल तर प्लीज त्यांना "घास जरा" म्हणू नका. साखर तपासून घ्यायला सांगा.

तिला एकटीला डाएट करायला लावणं म्हणजे आम्ही तिघींनी समोर बसून वडापाव खाणं. ते काही बरं दिसेना. म्हणून चौघींनी मिळून सुरू केलं. फार काही भारी नाही. डब्यात भाताऐवजी ज्वारीची भाकरी, रोज एक उसळ, चहात साखर अर्धा चमचा, रात्री जेवण झाल्यावर सोसायटीला पाच फेऱ्या. आयसीएमआरच्या हिशेबाने रोजची प्रथिनं वजनाच्या दर किलोला साधारण 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. हे पोळी-भाजीच्या डब्यातून होत नाही, मोजून बघा. मटकी, अंडी, दही, शेंगदाणे असं जोडत जावं लागतं. रविवारी मिसळ चालते. एक प्लेट दोघींत, तर्री वेगळी.

नियम दोनच. एक, वजनाचा आकडा ग्रुपवर टाकायचा नाही. दुसरा, उपाशी राहायचं नाही. हा दुसरा नियम आमच्या साताऱ्याच्या मैत्रिणीमुळे आला. भावाच्या लग्नाआधी तीन आठवडे ती लिंबूपाणी आणि दोन फळांवर होती. लग्नात छान दिसली. नंतर तीनेक महिन्यांनी बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके यायला लागले. तिला वाटलं शाम्पू बदलला म्हणून, मग वाटलं पुण्याचं पाणी. खरं कारण तीन महिने मागे होतं. शरीराला अन्न कमी पडलं की ते केसांची वाढ थांबवून बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत ढकलतं, आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणून आपण चुकीच्या गोष्टीला दोष देतो. डिप्लॉय जानेवारीत, क्रॅश एप्रिलमध्ये. केस परत येतात बहुतेक वेळा, पण तोवर जीव टांगणीला.

तर माझा चेहरा लाल झाला तेव्हा मी आठवडाभर कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करत होते. घरातही ओढणी. एका रात्री फेऱ्या मारताना टेस्टिंगवाली म्हणाली, "ट्यूब दाखव." तिने खोका दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती माझ्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे आली. डॉक्टर मॅडमनी आत शिरल्याशिरल्याच विचारलं, "कोणतं क्रीम?" त्यांना रोज अशा मुली दिसतात. याला इंग्रजीत नावही आहे, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, आणि ते भारतातल्याच डॉक्टरांनी दिलंय. यातच काय ते समजा.

आता हे नेमकं काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

या तिन्ही गोष्टी औषधं आहेत, आणि वांगावर डॉक्टर ती ठरावीक आठवडे, नजरेखाली देतातही. हायड्रोक्विनोन त्वचेत रंगद्रव्य बनण्याची प्रक्रिया अडवतं. ट्रेटिनॉइन पेशी लवकर बदलायला लावतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते सूज, लाली, खाज दाबतं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणून चेहरा पटकन पांढरट, नितळ दिसतो. आपल्याला वाटतं गोरी झाले. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होत जाते आणि तिला त्या दाबाची सवय लागते. हात काढला की सगळं दुप्पट उसळून येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर येतायत म्हणून कुणी रिकामा कॅच ब्लॉक टाकला. स्क्रीन स्वच्छ, आत सर्व्हर जळतोय.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. काउंटरवर काय होतं ते तुम्ही मी बघतोच. त्यामुळे खोका आपणच वाचायचा. कोपऱ्यात "आरएक्स" अशी खूण असेल तर ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे. आणि नावात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की ट्यूब काकांना परत. गजकर्णाला मिळणाऱ्या "सगळ्यावर एकच" मलमांतही हेच असतं. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते.

आणि कुणी आत्ता असलं काही महिनोन् महिने लावत असेल, तर हे ऐकून आज रात्री एकदम फेकून देऊ नका. डॉक्टरांकडे जा. कसं सोडायचं ते तेच ठरवतील. मला सात महिने लागले. त्यातले पहिले दोन वाईट होते. रात्री दोन वाजता तोंड पेटल्यासारखं झालं की रूममेट उठून ओला रुमाल आणून द्यायची आणि फोन काढून घ्यायची, कारण मी आरशाऐवजी सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा बघत बसायचे.

बरं, मग मेडिकलमधून घ्यायचं काय? मॅडमनी मला तीनच गोष्टी लिहून दिल्या होत्या, आणि आजही तेवढ्याच आहेत.

तोंड धुवायला साबण नको. साबणाचा पीएच 9-10 च्या आसपास, त्वचेचा साधारण 5. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो ना, ती स्वच्छता नाही, ती तक्रार आहे. साधा, बिनवासाचा, फेस कमी येणारा क्लेन्झर मेडिकलमध्ये मिळतो. तेलकट चेहरा आणि काळे ठिपके असतील तर 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, तोही रोज नाही.

मॉइश्चरायझर घेताना मागची यादी बघा. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं, 1 टक्क्याच्या खालचं कुठल्याही क्रमाने. ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत असलं की झालं. पुढे मोठ्या अक्षरात केशर, मागे यादीत सुगंधाच्याही नंतर केशर, म्हणजे केशर फोटोपुरतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. आणि ते उडू नये म्हणून ओठांवर, टाचांवर, थंडीत नाकाच्या कडेला पेट्रोलियम जेली. 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं आणि अजून तिच्याइतकी स्वस्त आणि चोख गोष्ट मला तरी दिसलेली नाही. चेहरा किंचित ओला असताना अगदी पातळ लावायची.

तिसरं सनस्क्रीन, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98. फरक एवढाच. त्यामुळे 100 चा आकडा बघून भुलू नका, पीए पुढे किती प्लस आहेत ते बघा, ते यूव्हीएसाठी. कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसता? साध्या काचेतून यूव्हीए आत येतो. दोन बोटांवर दोन रेघा एवढं लागतं, चेहरा आणि मान मिळून. वाटाण्याएवढं लावून "मला सूट झालं नाही" म्हणायचं नाही. अंगावर फार पांढरं दिसतं म्हणाल, तर सावळ्या रंगावर जेलवालं बरं दिसतं.

मुरुमांना बेन्झॉईल पेरॉक्साइड 2.5 टक्के चांगलं काम करतं, पण डॉक्टरांना विचारून. आणि जुनी उशी वापरा. माझ्या निळ्या अभ्र्यावर पांढरे नकाशे उमटलेत.

सगळं मिळून मला महिन्याला साडेतीनशेच्या आत पडतं. सनस्क्रीनची 50 ग्रॅमची ट्यूब दीड महिना जाते, बाकीचं तीन-तीन महिने.

टेस्टिंगवालीचा मागच्या महिन्यातला रिपोर्ट 5.6 आला. मान पूर्ण उजळलेली नाही, पण ती आता केस वर बांधते. त्या दिवशी आम्ही चौघींनी एक अख्खी मस्तानी मागवली, चार चमचे. ज्या दोघींना मी त्या ट्यूबचं नाव सांगितलं होतं, त्यांनाही खोका वाचायला लावलाय. एकीने लावायला सुरुवात केलेली नव्हती. दुसरी मॅडमकडे जातेय.

माझ्या गालावरच्या दोन शिरा अजून आहेत, जवळून बघितलं तर दिसतात. आत्याला मी सगळं सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, मी काय तसं लाव म्हटलं होतं का?" बरोबर आहे, तिने नव्हतंच म्हटलं. बायोडेट्यातली रंगाची ओळ काढायला सांगून मला दोन महिने झाले. आई तयार आहे, पण पीडीएफ आत्याच्या फोनमध्ये आहे, आणि ती म्हणते, एडिट कसं करायचं ते मला येत नाही.