मायानगरीचे बिऱ्हाड हलते काय?

सेकंड लाइफ हे संगणकाच्या पडद्यावर वसलेले गाव आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने ते २००३ साली उघडले. तेथे माणूस ज्या रूपाने वावरतो त्याला 'अवतार' म्हणतात. आपलाच शब्द सातासमुद्रापार जाऊन परत आला तो असा! याच कंपनीने २०१७ मध्ये सान्सार नावाचे दुसरे, अधिक देखणे जग लोकांना खुले केले. आता जुने गाव ओस पडणार, असे पुष्कळांना वाटले. झाले उलटेच. मार्च २०२० मध्ये कंपनीने सान्सार विकून टाकले. जुने गाव नांदते राहिले.

असे का व्हावे? नवे जग डोळ्यांवर चढवायच्या महागड्या यंत्राकडे पाहून रचले होते आणि ते यंत्र घरोघर पोचले नाही, हे खरेच. पण आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना दुसरे कारण मोठे वाटते. सेकंड लाइफमधली घरे, कपडे, सामानसुमान बहुतांशी रहिवाश्यांनीच घडविले आहे. त्यावरचा घडविणाराचा हक्क कंपनीने २००३ सालीच मान्य केला. माल लिंडन डॉलरांत विकावा आणि ते अमेरिकन डॉलरांत बदलून घ्यावेत. काहींचे पोट त्यावर चालते. परंतु विकत घेऊन वर्षानुवर्षे साठविलेली मिळकत उचलून सान्सारमध्ये नेण्याची सोय नव्हती. हक्क घडविणाराचा, कोठाराची किल्ली मात्र कंपनीच्या कमरेला.

माणसांची जूटही अशीच जागेला बांधलेली असते. सप्टेंबर २००७ मध्ये इटलीतील आय.बी.एम.च्या कामगारांनी बोनसकपातीविरुद्ध सेकंड लाइफमध्येच निदर्शने केली. कंपनीच्या तेथील जागांपुढे तीस देशांतून अठराशेंवर अवतार फलक घेऊन जमले. पुढे इटलीतील प्रमुखाने पद सोडले आणि कामगारांशी नवा करार झाला. देखण्या पण निर्मनुष्य जगात हा मोर्चा कोणी पाहिला असता?

मग मालकाच्या कुलपाबाहेरचे जग नाहीच काय? आहे. २००७ पासून ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीवर कोणीही आपल्या यंत्रावर असे गाव वसवू शकतो, स्वतः घडविलेला माल तेथे नेऊ शकतो, एका गावातून दुसऱ्यात जाऊही शकतो. पण तेथे वर्दळ थोडी, गिऱ्हाईक त्याहून थोडे. म्हणून दुकान थाटलेला कारागीर अजून जुन्या बाजारातच बसलेला आहे.