जुना गॅस गिझर: दुरुस्त करायचा की बदलायचा?

थंडी पडायला लागते आणि वर्षभर निमूट चाललेला गॅस गिझर एका सकाळी पेटतच नाही. नळ सोडला की नुसती टकटक. मेकॅनिक येतो, वर बघतो आणि सांगतो, “सात-आठ वर्षं झाली ना? नवीनच घ्या.”

लगेच हो म्हणू नका. आधी सेल बदलून पाहा. बहुतेक घरगुती गॅस गिझरमध्ये ठिणगीसाठी दोन मोठे सेल असतात आणि नेमके तेच विसरले जातात. त्यानंतर संशय डायफ्रॅमवर घ्यायचा. पाण्याच्या दाबाने हा रबरी पडदा ढकलला जातो, तेव्हाच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. रबर कडक झालं किंवा फाटलं की गॅस सुटत नाही. हे छोटं काम आहे, ते करून घ्यावं. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी जेमतेम डोक्यावर असेल, तर मुळात दाबच कमी असतो. अशा घरात नवा गिझरही तसाच रुसेल.

तांब्याच्या नळीचं मात्र वेगळं. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात, धार बारीक होते. तोवर सफाई करून भागतं. नळी गळायला लागली आणि एकदा झाळूनही पुन्हा गळली, तर त्यावर आणखी पैसे घालू नयेत.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती ज्योत. ती निळी हवी. पिवळी दिसत असेल, वर काजळी धरत असेल, तर गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. बर्नर साफ करूनही रंग सुधारला नाही तर तो गिझर काढाच. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या वायूला वास नसतो, रंगही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं आणि कडी काढायलाही हात उचलत नाही.

ज्योत निळी असली तरी गिझर बाथरूममध्ये असेल तर धोका टळत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्याला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते पाच-साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद करून एकामागून एक तिघं अंघोळीला गेले, तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरणार? थंडीत खिडकी बंद ठेवली जातेच.

म्हणून जुना ठेवा किंवा नवा घ्या, गिझर बाहेर हलवा. उघड्या बाल्कनीत बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी आणता येते. तशी जागाच नसेल तर विजेचा किंवा सोलर गिझर बरा, बिल थोडं वाढलं तरी.

घरात पाइपचा गॅस येणार असेल तर आणखी एक गोष्ट: सिलिंडरवर चालणारा गिझर त्याला तसाच जोडता येत नाही, दोन्हींची जेट वेगळी असतात. जोडणीची तारीख कळेपर्यंत नवा घेण्याची घाई करू नका. आणि जुनाच ठेवणार असाल तर मेकॅनिक आलाच आहे तेव्हा गॅसच्या नळीवर छापलेली तारीखही त्याला बघायला सांगा.