अकरावीचे १० पर्याय आणि ‘द गिव्हर’ : शिनोलीच्या मुलांना खरंच निवड करता येते का?

दहावीचा निकाल लागला की आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीपासून थेट मुंबईच्या दादरपर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो : सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? उत्तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने द्यायचे असते. पण बऱ्याचदा ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते.

हे ‘कुणीतरी’ कोण, याचा विचार करायला लावणारी एक किशोर कादंबरी आहे. अमेरिकी लेखिका लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, १९९४ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळाले आणि २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला.

कादंबरीत नेमके काय आहे?

जोनास ज्या वस्तीत राहतो तिथे भूक नाही, युद्ध नाही, बेकारी नाही. नवव्या वर्षी सायकल मिळते. जोडीदार समिती ठरवते. घरात मुले दोनच, एक मुलगा आणि एक मुलगी, तीही अर्ज करून मिळणारी. बारावे वर्ष लागले की जाहीर समारंभात प्रत्येकाला आयुष्यभराचे काम सांगितले जाते.

अशा बिघडलेल्या काल्पनिक जगाच्या कथांना डिस्टोपियन म्हणतात. ‘हंगर गेम्स’मध्ये (२००८) जुलूम उघड दिसतो, त्यामुळे वाचकाला लगेच राग येतो. ‘द गिव्हर’मधली समिती मात्र प्रेमळ आहे. ती मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करते, कल बघते आणि मगच काम देते. बहुतेक मुले खूशही होतात. खरे सांगायचे तर आपल्याकडचे अनेक पालक म्हणतील, मग यात वाईट काय?

लाल रंग माहीतच नसेल तर?

या वस्तीत कुणाला रंग दिसत नाहीत आणि जुन्या जगाच्या आठवणीही नाहीत. त्या सांभाळायचे काम एका म्हाताऱ्याकडे आहे आणि पुढचा वारस म्हणून जोनासची निवड होते. बर्फ, घसरगाडी, उन्हाने भाजलेली कातडी, युद्ध अशा आठवणी त्याला मिळत जातात. रंग दिसू लागतात. मग त्याला वाटते, सकाळी कोणत्या रंगाचा अंगरखा घालायचा हे तरी आपण ठरवावे.

पुढच्याच क्षणी तो घाबरतो. लोकांनी जोडीदार चुकीचा निवडला तर? काम चुकीचे निवडले तर? माझ्या मते कादंबरीतली ही सर्वात प्रामाणिक जागा आहे. स्वातंत्र्य हवे असणाऱ्यालाच त्याची भीती वाटते आणि लेखिका ती भीती हसण्यावारी नेत नाही.

(पुढच्या परिच्छेदात कथेतला एक धक्का उघड होतो.) जोनासचे वडील तान्ह्या बाळांची देखभाल करतात. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला ‘मुक्त’ करताना ते प्रत्यक्षात त्याला इंजेक्शन देऊन मारतात, तेही अगदी शांतपणे. ते क्रूर नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी काही ठरवलेलेच नाही, त्यामुळे आपण काय केले हे त्यांना कळतच नाही.

याचा शिनोलीशी संबंध काय?

२०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथपर्यंतच होते. आता शिनोलीचा विद्यार्थी त्याच अर्जात घोडेगाव, मंचर किंवा थेट पुण्याचे कॉलेज टाकू शकतो. किमान १, कमाल १० पर्याय.

अर्जात जागा दहा आहेत. पण पुण्याचे कॉलेज म्हणजे खोलीभाडे आणि मेस आले. आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह हवे असेल तर त्याचा अर्ज वेगळा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तरी घरात विचारले जाते ते हेच : परतीची गाडी किती वाजता? दहापैकी किती पर्याय शिल्लक राहतात हे अनेकदा त्या गाडीवर ठरते.

काही पर्याय तर या यादीत दिसतच नाहीत. तालुक्यातच अवसरी खुर्द इथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. दहावीनंतरचा डिप्लोमा आणि आयटीआय यांची प्रवेश प्रक्रिया अकरावीपेक्षा वेगळी असते. मी स्वतः इंजिनीअरिंग केले आहे, म्हणून हे ठासून सांगतो : दहावीनंतर थेट डिप्लोमा करून पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्याला हे कुणी सांगितलेच नाही, त्याच्यासाठी तो जोनासच्या वस्तीतला लाल रंगच.

तुलना फार ताणायची नाही. इथे कुणी समारंभात काम वाटत नाही. सायन्स घेतलेल्याला पुढे आर्ट्सकडे वळता येते आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शाखांमधल्या भिंती कमी करण्याची भाषा आहे. शिवाय कांद्याच्या भावावर वर्षाचे गणित बसवणारा बाप ‘सायन्स नको’ म्हणतो तेव्हा तो समिती नसतो. वाया गेलेल्या एका वर्षाची किंमत त्याला माहीत असते. जोनासला वाटली तीच ही भीती. फरक इतकाच की बापाशी बोलता येते, भांडता येते.

अर्ज भरताना काय लक्षात ठेवाल?

पसंतीक्रम मोबाइलवर दुसऱ्या कुणाला परस्पर भरू देऊ नका. २०२५-२६ च्या नियमानुसार पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर तिथेच प्रवेश घ्यावा लागत होता, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या जागी खरोखर हवे तेच लिहा आणि यंदाचे नियम संकेतस्थळावर तपासा.

आणि कादंबरी वाचायची असेल तर, जोनास वस्ती सोडून निघतो तिथे शेवट मोकळा सोडलेला आहे. त्याचे पुढे काय झाले हे कळायला मालिकेतले पुढचे भाग वाचावे लागतात : ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००), ‘मेसेंजर’ (२००४) आणि ‘सन’ (२०१२).